सोमवारचा हिसका

एक

सोमवारी सकाळी सात वाजून अडतीस मिनिटांनी सुरतेजवळच्या सचिन गावच्या रेल्वेपुलावर, चढाच्या ऐन मध्यावर, एक जुनी पांढरी व्हॅन तीन हिसके देऊन थांबली. मागून येणाऱ्या कंटेनरच्या चालकाने वेळेवर ब्रेक दाबला म्हणून ही कथा रहस्याची राहिली. अन्यथा ती शोकाची झाली असती.

गाडी वृषाली तायडे चालवत होती. आत सुरतेच्या गोडादरा वस्तीतल्या सात बाया होत्या. सचिनच्या औद्योगिक वसाहतीतील एका कापड कारखान्यात त्या धागे कापण्याचे आणि घड्या घालण्याचे काम करीत. रिक्षावाल्यांच्या लहरीला कंटाळून त्यांनी दोन वर्षांपूर्वी मंडळ काढले, एक जुनी व्हॅन घेतली आणि ती चालवण्यास वृषालीला नेमले. तोवर वृषाली घरी बसून साड्यांवर खडे चिकटवीत असे. तिने परवाना काढला तेव्हा गल्ली हसली होती. दोन वर्षे गाडी बिनतक्रार चालल्यावर गल्लीला हसण्याजोगे काही उरले नव्हते. ते आता पुन्हा मिळाले होते, कारण सलग तिसऱ्या सोमवारी व्हॅनने रस्त्यात आचके दिले होते.

वृषाली खाली उतरली. टाकीचे झाकण काढून तिने आत डोकावले; टाकी जवळजवळ काठोकाठ होती. झाकण लावून तिने किल्ली फिरवली आणि गाडी अशी निघाली, जणू मधल्या पाच मिनिटांशी तिचा काही संबंधच नव्हता. मात्र आठ वाजता बंद होणारे कारखान्याचे फाटक त्यांना बंदच सापडले.

संध्याकाळी मंडळाच्या अध्यक्ष सखुबाई वृषालीच्या दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या कपाळावर पेरूएवढे टेंगूळ होते. पुढच्या आसनावर त्याच बसत.

"किल्ली दे," त्या म्हणाल्या.

"मावशी, गाडीत काहीतरी आहे. माझं ऐका."

"गाडीत काय आहे ते गॅरेजवाल्या विकासने तीनदा उघडून पाहिलं. काही नाही. आता गाडीत उरलीस तू."

वृषालीने किल्ली दिली. रविवारी दहा वाजता मंडळाची बैठक ठरली. तोवर सखुबाईंचा भाचा लोकेश गाडी चालवणार होता, आणि बैठकीत ती कायमची त्याच्याकडे जाणार, हे बैठकीपूर्वीच सगळ्यांना ठाऊक होते.

लोकेशने मंगळवारी गाडी नेली, बुधवारी नेली. सातही बाया वेळेवर पोहोचल्या. गाडी तीच, रस्ता तोच, बाया त्याच. बदललेली गोष्ट एकच. गल्लीचे तर्कशास्त्र एवढ्यावर समाधानी होते.

दोन

बुधवारी संध्याकाळी वृषाली शालिग्राम बडगुजर यांच्या घरी गेली. चाळीस वर्षे ते यंत्रमागांच्या शेडमध्ये जॉबर होते. म्हणजे बिघडलेल्या मागापुढे बसून त्याचा बिघाड शोधणे हा त्यांचा धंदा होता. निवृत्तीनंतर माग सुटले, शोधण्याची खोड सुटली नाही. लोक त्यांना आप्पा म्हणत आणि त्यांच्याशी वाद घालणे शक्यतो टाळत.

"आप्पा, माझी चूक असेल तर किल्ली मीच लोकेशच्या हातात ठेवीन," वृषाली म्हणाली. "पण दुसऱ्याच्या चुकीपायी मी ती सीट सोडणार नाही. ती मला कोणी भेट दिलेली नाही."

"गाडी का हिसके देते असं तुला वाटतं?"

"तेच तर विचारायला आले."

"मग ते विचारू नकोस. धागा का तुटला हे विचारणारा जॉबर दिवसभर विचारत बसतो. कधी तुटला हे विचारणारा वेळेवर घरी जेवायला जातो. कधी हिसके देते, ते सांग."

वृषालीने सांगितले आणि आप्पांनी साडीच्या रिकाम्या खोक्यावर शिंप्याच्या खडूने वारांचे रकाने आखले. सोमवारी सकाळी निघताना गाडी गुळगुळीत चाले. वाटेवरचे भेस्तान ओलांडले की आचके सुरू होत आणि पुलावर अगदी असह्य होत. संध्याकाळी परतताना ते असत, पण सौम्य. मंगळवारी एखादा, तोही असला तर. बुधवारपासून शनिवारपर्यंत गाडी गायीसारखी. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच. हे सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्याआधी दोन वर्षांत एकदाही नाही.

"पुलावर गाडी थांबली. मग तू काय केलंस?"

"उतरले, झाकण उघडून पेट्रोल बघितलं, किल्ली फिरवली. चालू झाली."

"आणि पुढे?"

"पुढे फाटकापर्यंत एकही हिसका नाही."

आप्पांनी खडू खाली ठेवला आणि ते तडक सखुबाईंकडे गेले. सखुबाई ओट्यावर मेथी निवडत होत्या.

"सखुबाई, तुम्ही पुढे बसता. रस्ता बघता की आणखी काही?"

"रस्ता बघितला की माझा जीव घाबरतो. मी वृषालीचे पाय बघते. पाय नीट हलले म्हणजे माणूस जागा आहे एवढं कळतं."

"तिला क्लच सोडता येत नाही, म्हणून हिसके बसतात, असं लोकेश म्हणतो. सोमवारी पुलावर तिचा डावा पाय कुठे होता?"

सखुबाईंचे हात मेथीत थांबले. खोटे बोलण्याची सवय नसलेल्या माणसाला खरे बोलायला कधीकधी वेळ लागतो.

"खाली," त्या म्हणाल्या. "चटईवर. क्लचवर नव्हता."

"मग न लागलेल्या पायानं हिसका कसा दिला?"

"ते मी काय सांगू? मी पाय बघते, आप्पा, इंजिन नाही."

"बरं. काल, मंगळवारी, लोकेशच्या हातात एकही हिसका बसला नाही?"

"बसला एक. लहान. पुलावरच. तो म्हणाला, खड्डा होता."

"पुलावर खड्डा आहे?"

सखुबाईंनी नकळत कपाळावरच्या टेंगळाला हात लावला. "नऊ वर्षं मी त्या पुलावरून जाते," एवढेच म्हणून त्या मेथीची परात घेऊन आत गेल्या. परात ठेवण्याचा आवाज बराच मोठा आला.

तीन

विकासचे गॅरेज पर्वत पाटिया नाक्याच्या अलीकडे होते. त्याने तीन आठवड्यांत व्हॅनचे प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, फिल्टर नवा टाकला. इतके करूनही एका निवृत्त जॉबरने येऊन प्रश्न विचारावेत, हे त्याला रुचले नाही.

"पेट्रोलमध्ये भेसळ असेल," तो म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी टाकी फुल्ल करतात आणि सोमवारी हिसके. सरळ आहे."

"एकदा भरलं की आठवडाभर तेच चालतं. सोमवारी भेसळीचं असलेलं पेट्रोल गुरुवारी शुद्ध होतं?"

"मग पाणी. भगवंतकाका दर रविवारी पाइप लावून गाडी धुतात. प्लगमध्ये पाणी जातं."

"भिजलेलं इंजिन सुरू होताना रडतं आणि तापलं की गप्प बसतं. हे सुरू होताना गप्प असतं आणि तासाभरानं रडतं. उलटं झालं की नाही?"

"आप्पा, तुम्ही मागाचे जॉबर. गाडीचे नाही."

"म्हणून तर मी विचारतोय आणि तू सांगतोयस. व्हॅन तुझ्याकडे आली की पहिलं काय करतोस?"

विकास हसला. "पहिलं? झाकण उघडून टाकी बघतो. अर्धी गिऱ्हाइकं पेट्रोल संपल्यावर बिघाड घेऊन येतात."

"आणि मग?"

"मग पाटियापर्यंत एक चक्कर. तिन्ही वेळा मक्खन चालली."

"तिन्ही वेळा आधी झाकण उघडलंस?"

"सवय आहे हो. त्यात काय?"

आप्पांनी मान डोलावली. ही दुर्मीळ गोष्ट विकासच्या लक्षातही आली नाही. तेवढ्यात लोकेश आला. मंडळाची किल्ली तो बोटाभोवती फिरवत होता.

"आप्पा, शू वात छे, अजून शोधताय? केस तर मिटली. ड्रायव्हर बदला, हिसका गायब."

"मंगळवारी पुलावर काय झालं?"

"खड्डा."

"कुठल्या बाजूला?"

"डाव्या."

"तुझी मावशी नऊ वर्षं त्या पुलावरून जाते. तिला तो दिसलेला नाही."

लोकेशच्या बोटाभोवती फिरणारी किल्ली थांबली. "मावशी रस्त्याकडे बघतच नाही," तो म्हणाला. "रविवारी दहाला गाडी माझी. तोवर जे काय शोधायचं ते शोधा. मेरेको टेन्शन नहीं."

तो गेल्यावर विकासने आवाज खाली आणला. "एक सांगू? व्हॅन आधी मैदानात उभी असायची. तीन आठवड्यांपूर्वी ती यंत्रमागांच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली. उन्हापासून वाचावी म्हणून. त्या शेडच्या किल्ल्या दोन आहेत. एक भगवंतकाकांकडे."

"आणि दुसरी?"

विकासने लोकेश गेला त्या दिशेला हनुवटी केली.

चार

भगवंत तायडे हे वृषालीचे वडील. आप्पांनी दुरुस्त केलेल्या मागांना तेल घालण्यात त्यांनी तीस वर्षे काढली होती. गुडघे गेल्यावर घरी बसले, आणि मुलीच्या हाती गाडी आल्यावर पुन्हा उभे राहिले. व्हॅन मंडळाची होती. पण ती धुणे, पुसणे, तिची काच जुन्या सुती साडीने लखलखीत करणे, हा आपला अधिकार आहे असे ते मानीत.

गुरुवारी संध्याकाळी लोकेश गाडी लावून गेल्यावर ते आप्पांना शेडमध्ये घेऊन गेले. भिंतीपलीकडे माग धडधडत होते. तिथून धाग्यांचा बारीक भुगा उडून येई आणि शेडमधल्या प्रत्येक वस्तूवर राखाडी साय धरल्यासारखा बसे.

"जय भीम, आप्पा. बघा गाडी," भगवंत म्हणाले. "या भुग्यात उभी आहे आणि एक तंतू शोधून दाखवा."

आप्पांनी शोधला. नव्हता. आरशांवर प्लास्टिकच्या पिशव्या रबराने बांधल्या होत्या. कोपऱ्यातल्या तेलाच्या कॅनलाही तशीच टोपी होती; मागावर काम केलेल्या माणसाचे तेल उघडे राहत नाही, कारण तेलात धागा गेला की तेलाची वाट बुजते आणि माग अडतो. पत्र्याच्या भिंतीला जुन्या खिळ्यांची भोके होती. तीही राखाडी पुट्टीने बुजवलेली होती. घासून सपाट केलेली आणि वरून रंगाचा हात दिलेला, इतका सफाईदार की बोट फिरवल्याशिवाय समजू नये.

"हे कोणी केलं?"

"मीच. भोक म्हणजे भुग्याला उघडं दार. शेडमध्ये आलो त्याच रविवारी जेवढी सापडली तेवढी सगळी बुजवली."

"भगवंता, या तीन आठवड्यांत लोकेश इथे कधी एकटा आला होता?"

"परवा गाडी त्याच्याकडे गेली, तोवर कशाला येईल? रविवारी धुवायला हात लाव म्हटलं तर ऐकू येत नाही त्याला."

"म्हणजे गाडीला हात लावणारं दुसरं कोणी नाही."

"कोणी नाही. मी एकटा." भगवंतांनी हे छाती काढून सांगितले. "माझ्या पोरीच्या गाडीला दुसऱ्याचा हात लागू देत नाही मी."

आप्पा व्हॅनभोवती एक फेरी मारून आले. एका जागी ते वाकले, थोडे थांबले, कशालाही हात न लावता सरळ झाले. मग "येतो" म्हणून निघाले. त्या संध्याकाळी गोडादऱ्याने एक अपूर्व गोष्ट पाहिली: शालिग्राम आप्पा घरापर्यंत कोणाशीही वाद न घालता चालत गेले.

पाच

शुक्रवारी दुपारी आप्पा खडूचे रकाने पुढ्यात घेऊन बसले होते. जे त्यांना शेडमध्ये दिसले होते त्याने कोण हे कळत होते, काय हेही कळत होते. परंतु सोमवारच का, हे कळत नव्हते. आणि ज्या उत्तराने एकही रकाना रिकामा राहतो ते उत्तर नसते, ती अटकळ असते, असे त्यांचे मत होते.

"जेवन थंडं हुई गये," उषाबाई आतून म्हणाल्या. त्यांच्या अहिराणीला चाळीस वर्षांत सुरतेचे पाणी लागले नव्हते.

"बुधवारी गाडी बरी का होते?" आप्पांनी भिंतीला विचारले.

"बरी होस ना? मंग रडतस कसाले?"

या उत्तराने आप्पा ताठ बसले. लोखंडाला झालेला आजार आपोआप बरा होत नसतो. जो दर आठवड्याला पायरी-पायरीने ओसरतो, तो कशाच्या तरी वाढण्याने किंवा कशाच्या तरी घटण्याने ओसरतो. बायांचे वजन घटत नाही. रस्ता घटत नाही. मग सोमवारपासून शनिवारपर्यंत त्या गाडीत काय घटत जाते?

स्वयंपाकघरात उषाबाईंनी शेंगतेलाचा नवा डबा ओट्यावर घेतला होता. खिळ्याने त्याच्या वरच्या पत्र्याला एक भोक पाडून त्यांनी तो बरणीवर कलता केला. तेल आले, थांबले, आले, पुन्हा थांबले. डबा आचके देत राहिला. त्यांनी तो सरळ ठेवला, समोरच्या कोपऱ्यात खिळा ठेवून दुसरे भोक पाडले आणि पुन्हा कलता केला. आता तेलाची अखंड, शांत धार लागली.

आप्पा दारात उभे राहून ती धार बरणी भरेपर्यंत पाहत राहिले.

मग ते जेवायला बसले, दोन भाकरी जास्त जेवले आणि बाहेर पडले. लोकेश नाक्यावर सापडला.

"उद्या संध्याकाळी टाकी भरशील ना?"

"दर शनिवारी भरतात. का?"

"काठोकाठ भर," आप्पा म्हणाले. "एक थेंब कमी नको. आणि त्यानंतर झाकणाला कोणी हात लावू नका."

सहा

रविवारी दहा वाजता शेडसमोर सतरंजी अंथरली होती. सखुबाई बोलायला लागणार तोच आप्पा उभे राहिले.

"निकाल द्यायचा तो द्या. पण आधी गाडी सचिनपर्यंत नेऊ. लोकेशच चालवेल."

"रविवारी कशाला?" लोकेश म्हणाला. "हिसके तर सोमवारचे."

"म्हणूनच. हिसका पंचांग बघून येत नाही हे दाखवायचं आहे." आप्पांनी घडी घातलेली एक चिठ्ठी सखुबाईंच्या हाती दिली. "ही बटव्यात ठेवा. मी सांगेन तेव्हा वाचा."

आठ जण बसले. लोकेश स्टिअरिंगवर, शेजारी सखुबाई, मागे वृषाली, भगवंत, विकास, आप्पा आणि मंडळाच्या दोघी जणी. लोकेशने क्लच इतक्या हळुवारपणे सोडला की मागच्या दोघींनी कौतुकाने एकमेकींकडे पाहिले. दिंडोली गेली. उधना-सचिन रस्ता लागला. व्हॅन पाण्यावरून जावी तशी जात होती.

"काय आप्पा," लोकेश आरशात बघून म्हणाला, "झोप येतेय का?"

"मला नाही. तू जागा राहा."

भेस्तान ओलांडले आणि पहिला आचका बसला.

लोकेशने गियर बदलला. दुसरा बसला. त्याने पायाखालचा दाब वाढवला. गाडीने हुंदका दिला आणि मागे पडली. पुलाचा चढ सुरू झाला तेव्हा लोकेशच्या मानेवर घाम होता. सखुबाई खाली बघत होत्या.

"पाय चटईवर आहे तुझा," त्या शांतपणे म्हणाल्या.

"मावशी, मी काही करत नाहीये."

"ते वृषालीपण म्हणायची."

चढाच्या ऐन मध्यावर व्हॅनने तीन हिसके दिले आणि ती थांबली.

"दिवे लावून कडेला घे आणि सगळे उतरा," आप्पा म्हणाले. "सखुबाई, चिठ्ठी."

कठड्याला टेकून सखुबाईंनी चिठ्ठी विकासच्या हाती दिली. चष्मा घरी राहिला होता. विकासने वाचली: "भेस्ताननंतर पहिला हिसका. पुलाच्या चढावर गाडी थांबेल. चालवणारा कोणीही असो."

विकासने ती दोनदा वाचली. दुसऱ्यांदा मनातल्या मनात.

"आता तू गाडीला काय करशील?" आप्पांनी विचारले.

"पहिलं..." विकासचा हात सवयीने टाकीच्या झाकणाकडे गेला आणि हवेतच थांबला. तीन आठवड्यांचा अर्थ त्याच्या चेहऱ्यावर एकदम उतरला.

"कान लाव आणि सावकाश उघड."

झाकण सैल झाले तसा एक आवाज आला. बाहेर फुटणारा नव्हे, आत ओढला जाणारा. बराच वेळ पाण्याखाली धरलेला माणूस वर येऊन पहिला श्वास घेतो तसा लांब आणि हावरा. तो थांबेपर्यंत आठही जण निश्चल उभे होते.

"किल्ली फिरव, लोकेश."

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली.

सात

पूल उतरून ते पेट्रोल पंपाशेजारच्या चहाच्या टपरीवर आले. आप्पांनी झाकण पुन्हा काढून हातात धरले होते. चाळीस वर्षे ज्या क्षणासाठी माणूस वाद घालत राहतो तो क्षण आला असताना त्यांचा आवाज मात्र खाली होता.

"टाकीतून जेवढं पेट्रोल जातं तेवढी हवा आत यावी लागते. त्यासाठी या साध्या झाकणाला सुईएवढं भोक असतं. ते बुजलं की टाकी आतून ओढ धरते आणि पेट्रोल इंजिनकडे जाईनासं होतं. जोर लावला की आचका, चढ आला की बंद. वृषालीने दर वेळी पेट्रोल बघायला झाकण उघडलं आणि गाडी बरी झाली. विकासने दर वेळी आधी झाकण उघडलं आणि मग बिघाड शोधला. चोर पकडायला येणारा प्रत्येक जण आधी त्याला दार उघडून देत होता."

"पण सोमवारच का?" सखुबाईंनी विचारले. हा प्रश्न ऐकून आप्पांना खरा आनंद झाला.

"कारण टाकी शनिवारी भरते. काठोकाठ टाकीत वर हवा असते मूठभर. लिटरभर पेट्रोल गेलं की तेवढ्या मुठीला ताण पडतो. टाकी अर्धी झाली की वर हवा पोतंभर असते. लिटर गेला-आला, तिला पत्ता लागत नाही. उभ्या गाडीत जुन्या रबरातून हळूहळू हवा शिरते, म्हणून निघताना गाडी ठीक. सोमवारी सकाळी जोरात, संध्याकाळी कमी, मंगळवारी एखादा, बुधवारी नाही. एकही रकाना रिकामा राहत नाही." ते लोकेशकडे वळले. "तुझ्या हाती गाडी आली ती मंगळवारी. एक दिवस आधी आली असती तर आज तू सतरंजीवर आरोपी असतास."

लोकेशने चहाचा कप खाली ठेवला. "खड्डा नव्हता, मावशी."

"ठाऊक होतं. टेंगूळ माझ्या कपाळाला आहे."

"पण भोक बुजवलं कोणी?" मागच्या दोघींपैकी एकीने विचारले, आणि सगळ्यांची नजर शेडची दुसरी किल्ली बाळगणाऱ्या लोकेशवर गेली.

"ते तितकं महत्त्वाचं नाही," आप्पा म्हणाले. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ते वाद टाळत होते.

"महत्त्वाचं आहे." भगवंत उभे राहिले. त्यांनी आप्पांच्या हातातून झाकण घेतले आणि त्याच्या माथ्यावर अंगठा फिरवला. काळ्या रंगाखाली पुट्टीचा एक गुळगुळीत ठिपका होता. "हे माझं काम आहे. शेडमध्ये भुगा बघितला, झाकणाला भोक बघितलं. म्हटलं, धागा पेट्रोलमध्ये जाईल आणि पोरीची गाडी रस्त्यात अडेल. तीस वर्षं तेलाच्या प्रत्येक डब्याला दोन भोकं पाडली मी. एक तेलाला, एक हवेला. आणि इथे..." त्यांनी झाकण मुठीत आवळले. "तिची सीट मीच घालवत होतो."

वृषालीने वडिलांच्या हातातून झाकण काढून घेतले.

"बाबा, दर सोमवारी तुम्ही विचारायचात, गाडी नीट चालवलीस ना. आता दर रविवारी मी विचारणार, गाडी नीट धुतलीत ना."

पहिल्या हसल्या सखुबाई. मग विकास, मग सगळेच. भगवंतही, डोळे पुसत.

आप्पांनी खिशातून नवे झाकण काढले. त्याच्या माथ्यावरचे भोक त्यांनी भगवंतांना दाखवले, उन्हासमोर धरून, एखाद्या बाळाचे नाक दाखवावे तसे. पंपावर टाकी पुन्हा काठोकाठ भरली. लोकेश गाडीकडे गेला, किल्ली काढून घेऊन आला आणि ती वृषालीपुढे धरली.

"तुझ्यासारखा क्लच मला सोडता येत नाही," तो म्हणाला. "मी फक्त वार चांगला निवडला."

काठोकाठ भरलेली टाकी, आठ माणसे, तोच पूल. वृषालीने गाडी चढावर घेतली आणि कोणी श्वास घेतला नाही. गाडीने मात्र घेतला. पूल उतरला, भेस्तान गेले, दिंडोली आली, शेड आली. सतरंजी अजून अंथरलेलीच होती. पण बैठकीला विषय उरला नव्हता.

सोमवारी सकाळी सात वाजून अडतीस मिनिटांनी पांढरी व्हॅन सचिनच्या पुलावर, चढाच्या ऐन मध्यावर होती. मागे बोलणे चालले होते. वृषालीने क्षणभर डावीकडे पाहिले. नऊ वर्षांत त्या रस्त्यावर डोळा न मिटवलेल्या सखुबाई, ज्या कोणाच्याही पायांवरून नजर हटवत नसत, खिडकीला डोके टेकून गाढ झोपल्या होत्या.

फाटकाशी पोहोचायला अजून वीस मिनिटे होती. वृषालीने त्यांना उठवले नाही.